ड्रिलची कुंची

गरम राहावी म्हणून मी ड्रिलची बॅटरी पोळ्यांच्या डब्यात ठेवली.

हे मी आजवर ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी आधी एकच प्रश्न विचारला. डब्यात पोळ्या होत्या का? होत्या. नुकत्याच तव्यावरून उतरलेल्या, तूप लावलेल्या, फडक्यात गुंडाळलेल्या. बॅटरी मी फडक्याच्या आत ठेवली, बाहेर नाही. मी इंजिनिअर आहे, ऊब कुठे जास्त असते ते मला कळतं.

आता ड्रिल कशाला, हे सांगायला हवं.

माझा कॉलेजातला मित्र कॅनडात असतो. लॉकडाउनमध्ये जगातले सगळे जुने मित्र एकमेकांना व्हिडिओ पाठवत होते, तसा तोही पाठवायचा. त्याचे व्हिडिओ गोठलेल्या तळ्यावरचे असत. तळं इतकं गोठलेलं की त्यावर लोक गाड्या लावायचे. हा बॅटरीवरच्या ड्रिलला एक लांब नागमोडी पातं लावायचा, बर्फाला भोक पाडायचा, भोकात गळ सोडायचा आणि शेजारी खुर्ची टाकून कॉफी प्यायचा. मी तेव्हा मेलबर्नच्या कडेला, ट्रुगानिनातल्या माझ्या गॅरेजमध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ऑफिसचं काम करत होतो. मला त्या माणसाचा हेवा वाटला. मी लिहिलं, "आमच्याकडेही बर्फ पडतो." त्याने उत्तरादाखल हसणारा चेहरा पाठवला. एकच. तीन पाठवले असते तर मी सोडून दिलं असतं.

मी गळ मागवला. तो आला तेव्हा आमच्याकडे मासेमारीला बंदी होती, म्हणून मी मागच्या अंगणात गळ फेकायचा सराव केला आणि शेजाऱ्यांच्या दोरीवरचा टॉवेल पकडला. मग ड्रिल घेतलं. मग पातं मागवलं. पोस्ट तेव्हा फार सावकाश चालत असे, त्यामुळे पातं आलं तोवर मित्राचा हिवाळा संपून आमचा सुरू झाला होता. म्हणजे तसं बघितलं तर सगळं वेळेवर जमून आलं होतं.

घरात तेव्हा आम्ही चौघं होतो. मी, बायको, आमची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई बायकोच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी आल्या आणि सीमा बंद झाल्यावर अडकल्या. मुलगी रांगायला लागली, चालायला लागली, "नो" म्हणायला लागली, तरी त्या इथेच. त्यांची तिकिटं दोनदा रद्द झाली. सासरे पुण्यात एकटे. ते अतिशय कमी बोलणारे गृहस्थ. रोजच्या फोनवर त्यांचे दोनच प्रश्न असत. जेवलीस का, आणि कधी येतेस. एकदाच कधीतरी त्यांनी तिसरा विचारला, की ऑस्ट्रेलिया कसं आहे. सासूबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "समोरच्यांच्या गॅरेजचं दार पांढरं आहे."

यात त्यांची चूक नव्हती. घरापासून पाच किलोमीटरच्या आत जे असतं तेवढंच त्यांनी बघितलं होतं. सुपरमार्केट, बदकांचं तळं, आणि लशीचं केंद्र, ते जरा लांब होतं म्हणून त्या दिवशी त्या साडी नेसून तयार झाल्या होत्या.

रिकामं बसणं त्यांना जमत नाही. एक जुनं शिलाई मशीन घेऊन त्यांनी आधी सगळ्या गल्लीला पुरतील इतके मास्क शिवले. मास्क संपल्यावर कव्हरं. मिक्सरला कव्हर, इस्त्रीला कव्हर, टोस्टरला, कुकरला. वायफायच्या डब्याला जाड कापडाचं शिवलं तेव्हा नेट मंद झालं असं मला वाटलं, म्हणून मी ते काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळीचं शिवून घातलं.

जूनमध्ये सासूबाईंना एका खास विमानात जागा मिळाली. गुरुवारी निघायचं. दोन लॉकडाउनच्या मधली ती फट होती, मेलबर्नबाहेर जायला परवानगी होती आणि हातात एकच रविवार होता.

"आई, निघण्याआधी काय बघायचंय तुला?" बायकोने विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. "बर्फ पडताना बघायचाय," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस राहून आले, आणि सांगायला काय, तर गॅरेज. यांना फोनवर दाखवीन. सिनेमात बघितलाय दोघांनी."

हे ऐकून मला भरून आलं. सासूबाईंना बर्फ बघायचा होता आणि माझ्याकडे ड्रिल होतं.

"बर्फाच्या डोंगराच्या वाटेवर एक तळं आहे," मी म्हटलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. "आपण आईला बर्फ दाखवायला चाललोय."

"तेच तर. वर जाऊन बर्फ बघायचा, येताना तळ्यावर दहा मिनिटं."

"तुझी दहा मिनिटं मला माहितीयेत."

अडचण हवामानाची होती. वर बर्फ आणि त्याच्या खाली दिवसभर पाऊस, असा अंदाज होता. ड्रिलला पाणी चालत नाही. मी मित्राला विचारलं. तो तेव्हा हाफपँट घालून अंगणात कबाब भाजत होता, तिथूनच त्याने सल्ला दिला. ड्रिल झाकून ठेव. बॅटरी वेगळी काढ, थंडीने तिचा जीव जातो, ती जाकिटाच्या आतल्या खिशात अंगाशी ठेव. एवढंच. माणूस बरोबर होता. मीच त्यात सुधारणा केली.

झाकायचं काम सासूबाईंनी घेतलं. मी ड्रिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबरबँड लावत होतो, ते त्यांना बघवलं नाही. "द्या इकडे," म्हणाल्या. मोडलेल्या छत्रीचं कापड उसवलं, आतून नातीच्या जुन्या दुपट्याचं मऊ अस्तर लावलं, गळ्याशी नाडी ओवली. बोट आत घालून बटण दाबता यावं म्हणून एक काज केलं. तयार झालं तेव्हा मी ओळखलं. मुलीला थंडीत घालतो ती कुंची. डोक्यावरून येऊन पाठ झाकणारी, पुढे नाडीची गाठ. बेत तोच, माप फक्त ड्रिलचं.

"नाव ठेवायचं का?" बायको म्हणाली.

"तीट लावा आधी," सासूबाई म्हणाल्या. "नवीन आहे."

मी नळाखाली धरून चाचणी घेतली. आत एक थेंब गेला नाही. मी मित्राला फोटो पाठवला. या वेळी तीन चेहरे आले.

रविवारी पहाटे निघालो. सासूबाईंनी त्याहून आधी उठून पोळ्या केल्या होत्या, बटाट्याची भाजी केली होती. माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात फोन, मुलीचं बिब आणि कसलासा बिस्किटांचा भुगा होता. बॅटरी मावेना. ओट्यावर पोळ्यांचा डबा होता. दुपारपर्यंत पोळी गरम ठेवतो अशी त्या डब्याची ख्याती आहे. मी इकडेतिकडे बघितलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गाडीत कुंचीतलं ड्रिल मी मागच्या सीटवर मुलीच्या खुर्चीशेजारी ठेवून पट्टा लावला. सासूबाई उरलेल्या जागेत बसल्या.

तासामागून तास पाऊस. डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं गाव लागतं, तिथे मी थांबलो. जमिनीवर ठेवताना ड्रिलला खालून ओल लागू नये, हे मला वाटेत सुचलं होतं. हत्यारांच्या दुकानातून छोटी ताडपत्री घेतली आणि समाधानाने निघालो.

वर जायच्या रस्त्यावर गाड्या तपासत होते. केशरी जाकिटातल्या बाईने खिडकीशी वाकून विचारलं, "चेन्स?"

बर्फाच्या रस्त्यावर चाकांना लावायच्या साखळ्या. हिवाळ्यात त्या गाडीत असल्याशिवाय वर सोडत नाहीत. हे मला ठाऊक होतं. एखाद्याचा वाढदिवस ठाऊक असतो तसं.

"भाड्याने मिळतात, खालच्या गावात," बाई म्हणाली. "नो वरीज. वळून घे."

मी वळून घेतलं.

"खालच्या गावात आपण थांबलो होतो," बायको म्हणाली.

"हो."

"तू ताडपत्री घेतलीस."

"हो."

"शेजारच्या दुकानावर काय लिहिलं होतं?"

तिने वाचलं होतं, हे उघड होतं. मी गाडी त्या पाटीच्या खालीच लावली होती. आता परत खाली जायचं, साखळ्या घ्यायच्या, पुन्हा वर यायचं, म्हणजे दुपार सरली असती आणि मुलगी तर आत्ताच रडकुंडीला आली होती. मागून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे हो. नसेल नशिबात." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला आरशात बघवेना.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "आई, तळ्यावरही बर्फच आहे."

तळं त्या तपासणीच्या खालच्या अंगाला, एका आडरस्त्यावर होतं. बर्फ होता. काठाला, एका उथळ खाचेत, चहावर साय येते तसा. बाकी सगळं तळं मोकळं, करडं, पावसाने टोचलं जाणारं. लांबवर एक म्हातारा गळ टाकून छत्रीखाली बसला होता, मोकळ्या पाण्यात.

सासूबाई शाल घट्ट करून काठाशी गेल्या आणि खाली बघत उभ्या राहिल्या.

"हा?" त्या म्हणाल्या.

"हा."

"असा मी फ्रीज साफ करताना बघितलाय."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून ताडपत्री अंथरली. तिच्यावर ड्रिल ठेवलं. कुंचीवरून पाणी ओघळत होतं, आत ड्रिल कोरडं ठणठणीत, नुकतंच झोपेतून उठल्यासारखं. पातं लावलं. सगळं मनासारखं. मग मी गाडीशी जाऊन पोळ्यांचा डबा उघडला. त्याच वेळी सासूबाईही जेवणाचं बघायला तिथे आल्या होत्या.

वाफेचा भपकारा आला. झाकणाला आतून थेंब लोंबत होते. फडकं ओलं, वरची पोळी ओली, आणि तिच्या घडीत बॅटरी. काळी, चकचकीत, तुपाने माखलेली.

सासूबाईंनी ती बोटांच्या चिमटीत उचलली. "हे काय?"

"बॅटरी."

"कशाला?"

"गरम राहायला."

त्यांनी हात लावून बघितला. "राहिलीय," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात दिली.

बॅटरी बसवली तर ड्रिलने तांबडा दिवा दाखवला. मी ती काढून मुलीच्या ओल्या वाइप्सनी पुसली. ओलाव्यावर ओला रुमाल चालवायचा नसतो हे मला पुसून झाल्यावर सुचलं. पुन्हा बसवली. आता दिवाही लागेना. पावसाचा एक थेंब आत जाऊ नये म्हणून छत्री, दुपटं, नाडी, काज, ताडपत्री एवढा बंदोबस्त, आणि पाणी आलं ते आमच्याच कणकेतून.

तो म्हातारा गळ तसाच ठेवून चालत आला होता. त्याने ताडपत्री बघितली, पातं बघितलं, कुंची जरा जास्त वेळ बघितली.

"बिल्डिंग समथिंग, मेट?"

बर्फाला भोक पाडून मासे पकडणार आहे, असं मी सांगितलं. त्याने साय बघितली, मग पलीकडचं मोकळं तळं बघितलं. "राइट," म्हणाला आणि परत गेला. या देशात लोक चांगले आहेत.

एवढ्यात सासूबाईंनी हातातल्या छत्रीचं टोक त्या सायीवर टेकवलं. टक् आवाज झाला आणि भोक पडलं. चांगलं गोल.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या.

इथे थांबायला हवं होतं. भोक झालं होतं, गळ होता, पोळ्या होत्या. पण आता प्रश्न माशांचा राहिला नव्हता. मित्राला व्हिडिओ पाठवायचा होता आणि त्यात ड्रिल चालू असायला हवं होतं. छत्रीने पाडलेल्या भोकाचा व्हिडिओ मी कॅनडाला पाठवू शकत नव्हतो.

"पाच मिनिटं," मी म्हटलं. "गाडीच्या हीटरवर वाळवतो."

"आणि आम्ही?" बायकोने विचारलं.

"तुम्ही पण बसा ना आत."

"आत दारं-खिडक्या लावून तू बॅटरी शेकणार. मुलीला घाम येईल. आम्ही झाडाखाली थांबतो."

मी ड्रिल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलो, हीटर पूर्ण सोडला आणि बॅटरी वाऱ्यासमोर धरली. काचा आतून धुरकटल्या. गाडीत साजूक तुपाचा वास पसरला. मी बॅटरी उलटीपालटी करत होतो, फुंकर घालत होतो, कागदाच्या रुमालाची बारीक वळी करून खाचेतलं तूप काढत होतो. अतिशय एकाग्रतेने. ऑफिसात मी इतकं लक्ष दिलं असतं तर आज गॅरेजमध्ये बसलो नसतो.

मध्येच पावसाचा टपावरचा आवाज थांबला. मी मनात म्हटलं, बरं झालं, पाऊस उघडला, आता ड्रिलला धोका नाही.

खिडकीवर टकटक झाली. "अरे, बाहेर ये," बायकोचा आवाज.

"दोन मिनिटं."

"आत्ता ये."

"होतच आलंय."

बाहेरून मुलीचं किंचाळणं आलं. खुशीचं होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. धुरकट काचेपलीकडे काहीतरी फिकट हलत होतं. सासूबाईंची शाल असेल. पुन्हा टकटक झाली, मग झाली नाही. मी बॅटरी बसवली. तांबडा. काढली, पुसली, शेकली, बसवली. असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही आणि बायकोने मोजलेलं मला मान्य नाही.

शेवटी हिरवा दिवा लागला.

मी दार उघडलं आणि कुंचीतलं ड्रिल डोक्यावर धरून बाहेर पडलो. बटण दाबलं. पातं घरघर करत फिरलं. त्या शांततेत तो आवाज फार मोठा वाटला.

सगळं पांढरं होतं. गाडी, ताडपत्री, झाडं, काठ. छत्रीने पाडलेलं भोक बुजून गेलं होतं. पडायचं नुकतंच थांबलं होतं, हवेत शेवटचे दोन-चार कण रेंगाळत होते आणि मी बघेपर्यंत तेही खाली बसले. बायकोच्या केसांत बर्फ, मुलीच्या कुंचीवर बर्फ, मुलगी तो चाटत होती. लांबवर तो म्हातारासुद्धा छत्री मिटून उभा होता.

सासूबाई मोकळ्यावर होत्या. शाल खांद्यावर घसरलेली, केस भिजलेले, छत्री बगलेत मिटलेली. हात लांब करून फोन धरला होता आणि फोनमध्ये सासरे होते. पुण्यातल्या स्वयंपाकघरात बनियनवर, हातात चहाचा कप.

"दिसला ना सगळा?" त्या विचारत होत्या.

"दिसला," सासरे म्हणाले. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "कापसासारखा पडत होता गं."

"हातावर घेतला की पाणी होतं. बघा, बघा." त्यांनी तळवा फोनपुढे नेला. तिथे आता नुसतं पाणी होतं, तरी सासरे बराच वेळ बघत राहिले. मी ड्रिल बंद केलं.

"जेवलीस का?" सासऱ्यांनी विचारलं.

"जेवते आता. पोळ्यांना जरा वास येतोय."

"गुरुवारी येतेस ना?"

"येते."

"आणि जावई कुठायत? मगापासून दिसले नाहीत. त्यांनी बघितला का?"

सासूबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत मी कोरडा होतो. माझ्या हातात ड्रिल, ड्रिलच्या अंगात कुंची.

"ते गाडीत बॅटरी वाळवत होते," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी विचार केला. त्यांना बोलायला वेळ लागतो.

"मग राहू देत त्यांना तिकडेच," ते म्हणाले. "तू ये."